काळजी की भीती? शाळकरी मुलांमधील दंतोपचाराची भीती मोजताना : नागपुरातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांची दंततपासणी आमचा छोटा गट सलग तीन वर्षे करत होता. चित्रकलेच्या वर्गात घडीची खुर्ची मांडायची, डोक्याला दिवा बांधायचा, आरसा आणि प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) घेऊन एकेका मुलाचे तोंड पाहायचे आणि ज्याचा दात किडलेला असेल त्याच्या हाती घरच्यांसाठी चिठ्ठी द्यायची, असा हा क्रम होता. चिठ्ठ्या पुष्कळ जात, पण चिठ्ठी घेऊन दवाखान्यात येणारी मुले मोजकीच असत. दुसऱ्या वर्षी तपासलेल्या मुलाचीच तीच दाढ तिसऱ्या वर्षी आणखी पोखरलेली दिसे, आणि दरम्यान कुणीही तिला हात लावलेला नसे.

मुले सुईला घाबरतात, म्हणून येत नाहीत, असे मुख्याध्यापिका बाईंचे ठाम मत होते. खरे सांगायचे तर आमचेही तेच मत होते. म्हणून चौथ्या वर्षी तपासणीच्या जोडीला भीतीही मोजावी, कोणत्या मुलाला किती भीती वाटते हे आधी कळले तर त्याला हाताळण्याची तयारी ठेवता येईल, असे ठरले. विचार चांगला होता. तो अमलात कसा आणला, तिथे काय चुकले आणि ती चूक कशी सापडली, हे या प्रकरणात मांडले आहे. मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा वगळले आहेत.

मोजमापाचे साधन

दातांच्या उपचारांची भीती मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. नॉर्मन कोरा यांची चार प्रश्नांची मोजपट्टी १९६९ सालची आहे, पण ती प्रौढांसाठी होती. मुलांसाठी कथबर्ट आणि मेलामेड यांनी १९८२ मध्ये पंधरा प्रश्नांची मोजपट्टी दिली. तिच्यातील गुण १५ ते ७५ या टप्प्यात पडतात आणि ३८ ही रेषा ओलांडणाऱ्या मुलाला भीती आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वाँग, हम्फ्रिस आणि ली यांनी १९९८ मध्ये आठ प्रश्नांची 'मॉडिफाइड चाइल्ड डेंटल अँक्झायटी स्केल' तयार केली, आणि हॉवर्ड व फ्रीमन यांनी २००७ मध्ये तिला पाच चेहऱ्यांची जोड दिली. आम्ही ही शेवटची निवडली, कारण ती छोटी आहे आणि चेहऱ्यांमुळे वाचनात कच्ची असलेली मुलेही तिचे उत्तर देऊ शकतात.

तिचे आठ प्रश्न असे : दातांच्या डॉक्टरकडे जाणे, दात तपासून घेणे, दात साफ करून घेणे, हिरडीत सुई घेणे, दात भरून घेणे, दात काढून घेणे, पूर्ण झोपवून उपचार करून घेणे, आणि झोप न आणता फक्त आराम वाटावा म्हणून वायू व हवेचे मिश्रण हुंगणे. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ८ ते ४०.

मराठी भाषांतर आम्ही रीतसर केले. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी केले, ते जुळवून एक मसुदा तयार केला आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून त्याचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करवून घेतले. ते मुळाशी जवळपास शब्दशः जुळले. त्या दिवशी आम्ही निर्धास्त झालो, आणि पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ त्याच निर्धास्तपणात आहे.

अडचण

पहिली फेरी मार्च महिन्याच्या शेवटी झाली. शाळा सकाळची झाली होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. प्रश्नावली वर्गात वाटली, वर्गशिक्षिकेने प्रश्न मोठ्याने वाचले आणि मुलांनी बाकावर बसून चेहऱ्यांवर गोल केले. एका तासिकेत दोन वर्ग उरकले. वर्गाची सरासरी ना फार कमी ना फार जास्त, अगदी मधोमध आली, आणि असे आकडे पाहून कुणी विचारात पडत नाही.

आठवडाभराने ज्या मुलांवर छोटे उपचार शाळेतच करता येण्याजोगे होते त्यांना बोलावले. सातवीतील तेरा वर्षांच्या एका मुलीचे एकूण गुण १० होते, म्हणजे भीती जवळपास नाहीच. तिची खालच्या डाव्या बाजूची सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ खोल किडली होती. ती शांतपणे खुर्चीत बसली, सांगितल्यावर तोंडही उघडले. सहायकाने एअरोटर, म्हणजे दात कोरायचे फिरते मशीन, सुरू होतो का ते पाहण्यासाठी, तोंडापासून हातभर दूर, एकदा पायाने दाबून फिरवला. तो आवाज झाला आणि मुलगी खुर्चीवरून खाली सरकून दाराबाहेर गेली. तिची एक चप्पल खुर्चीखालीच राहिली. बाई तिला शोधायला गेल्या तेव्हा ती नळाजवळ उभी होती आणि एवढेच म्हणाली, "मले मशीनचं भेव लागते."

त्याच दिवशी त्याच वर्गाचा मॉनिटर आला. त्याचे गुण ३७ होते. आम्ही त्याच्यासाठी जास्तीचा वेळ राखून ठेवला होता आणि मी आवाज मुद्दाम खाली आणून बोलत होते. तो उडी मारून खुर्चीत बसला, दिवा कसा लागतो ते विचारले आणि दात भरून होईपर्यंत पाय हलवत गाणे गुणगुणत राहिला. शेवटी मी त्याचा कागद त्याच्यासमोर धरला आणि इतके मोठे आकडे का दिले ते विचारले. तो म्हणाला, "मॅडम, मी रोज दोनदा दात घासतो. मग काळजी खूपच ना!"

आमच्या भाषांतरातला मुख्य शब्द 'काळजी' होता. "दात तपासून घेताना तुला किती काळजी वाटते?" असा प्रश्न होता. इंग्रजीतील शब्दाला तो अचूक होता, म्हणूनच उलट भाषांतरात तो बिनबोभाट पार पडला. पण ज्या वर्गात प्रश्नावली भरून घेतली त्याच वर्गाच्या भिंतीवर "दातांची काळजी घ्या" असे भित्तिपत्रक होते, आणि ते आम्हीच तीन वर्षांपूर्वी लावले होते. दात हा शब्द आला की पाठोपाठ येणारी काळजी ही मराठी मुलासाठी घ्यायची असते. शहाण्या मुलाने ती जास्त घ्यावी, हे त्याला पहिलीपासून सांगितलेले असते.

आणखी काय काय चुकले होते

त्यानंतर आम्ही सहा मुलांना एकेकटे बसवून प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगायला लावला. हे पहिल्या फेरीआधी करायला हवे होते. त्यातून जे निघाले ते सारे इथे देत नाही, पण दोनतीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

उत्तरांच्या पाच पायऱ्यांमध्ये मधली पायरी 'बऱ्यापैकी' होती. एका मुलाने तिचा अर्थ "बरं वाटते" असा सांगितला. शब्दातच 'बरं' आहे, त्यामुळे त्याची चूक म्हणता येत नाही. 'किंचित' हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर कुणी ऐकलेला नव्हता. 'खूप' आणि 'अत्यंत' यांत कोणते मोठे, यावर दोघा मित्रांचे आमच्यासमोरच वाजले.

चेहऱ्यांबद्दल एका मुलीने सांगितले की रडका चेहरा चांगला दिसत नाही म्हणून तिने हसऱ्यावर गोल केला. आणखी एकीने शेजारणीने केले तिथेच केला. वर्गात सगळ्यांसमोर, बाई प्रश्न वाचत असताना, आठवीच्या मुलाने रडक्या चेहऱ्यावर गोल करावा ही आमची अपेक्षाच भाबडी होती.

सातवा आणि आठवा प्रश्न तर हवेतलाच होता. पूर्ण भूल देऊन दातांचा उपचार या मुलांपैकी कुणी पाहिलेला नव्हता, आणि हुंगायच्या वायूचे नावही ऐकले नव्हते. एकाने वायू म्हटल्यावर स्वयंपाकाचा सिलिंडर समजून भीतीला पाच गुण दिले होते.

पर्याय

आता काय करायचे, यावर गटात बराच खल झाला आणि एकमत लवकर झाले नाही.

पहिला विचार सगळे सोडून द्यावे असा होता. घाबरलेले मूल खुर्चीत बसले की दिसतेच, मग कागद कशाला, हे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे होते. वागणुकीची नोंद करण्यासाठी फ्रँकल यांची १९६२ सालची चार पायऱ्यांची पद्धत आहेच, पूर्ण नकारापासून पूर्ण सहकार्यापर्यंत. पण या मुलीच्या बाबतीत तीही फसली असती. एअरोटर फिरेपर्यंत ती फ्रँकलच्या पद्धतीने 'सहकार्य करणारी' याच रकान्यात बसत होती. आपल्याकडच्या मुली, विशेषतः शाळेत आणि मोठ्यांसमोर, भीती गिळून गप्प बसायला लहानपणापासून शिकलेल्या असतात, आणि त्या गप्प बसण्याला आपण शहाणपणा म्हणतो. वागणूक पाहून भीती मोजायची तर ही मुले प्रत्येक वेळी सुटून जातील. शिवाय जी मुले खुर्चीपर्यंत येतच नाहीत त्यांचे काय, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

दुसरा पर्याय पालकांना विचारण्याचा होता. मुलीच्या आईला आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "पोरगी कशालेच भेत नाही. रातभर दाढ धरून बसते, पण दवाखान्याचं नाव काढलं की झोपल्याचं सोंग करते." या दोन वाक्यांतला विरोध त्यांना स्वतःला जाणवला नव्हता. पालकाचे मत उपयोगी असते, पण ते मुलाच्या उत्तराची जागा घेऊ शकत नाही.

नाडीचे ठोके मोजून पाहावे, असेही एकाने सुचवले आणि बोटाला लावायचे यंत्र आणलेही. एप्रिलच्या उन्हात जिना चढून धावत आलेल्या मुलाचे ठोके भीतीबद्दल काही सांगत नाहीत, हे अर्ध्या तासात स्पष्ट झाले.

पंधरा प्रश्नांची कथबर्ट आणि मेलामेड यांची मोजपट्टी घ्यावी का, यावर अधिक गांभीर्याने विचार झाला, कारण तिच्यात अनोळखी माणसे, रुग्णालय, एअरोटरचा आवाज असे प्रश्न वेगवेगळे आहेत. पण ती लांब आहे, आणि भाषांतराचा प्रश्न पंधरा वेळा पुन्हा उभा राहिला असता. पूर्णपणे स्वतःची प्रश्नावली तयार करणे सर्वांत मोहाचे होते. त्यात तोटा असा की मग आपले आकडे इतर कुणाच्याही आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि आपण नेमके काय मोजतो आहोत हे आपल्यालाही पुन्हा सिद्ध करावे लागते.

शेवटी साधन तेच ठेवून त्याची भाषा, जागा आणि विचारणारे माणूस बदलायचे ठरले. निर्णय माझ्या आग्रहाने झाला. तो बरोबर होता असे मला आजही वाटते, पण ज्येष्ठ सहकाऱ्याचा एक आक्षेप मला पूर्ण खोडता आला नाही. ते म्हणत होते, "शब्द बदललास, दोन प्रश्न बाजूला ठेवलेस, तर ती मोजपट्टी तीच राहिली का?"

काय केले

'काळजी' काढून 'भीती' घातला. 'चिंता' हाही पर्याय होता, पण मुलांच्या लेखी चिंता आईबाबांना असते, पैशांची किंवा लग्नाची. त्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द 'भेव' होता. तो छापावा का, यावर वाद झाला. छापील कागदावर 'भेव' पाहून मुले हसली, आणि शाळेलाही ते रुचले नसते. म्हणून कागदावर 'भीती' ठेवला आणि विचारणाऱ्याने सुरुवातीला एकदाच "म्हणजे भेव लागते का, किती लागते" असे सांगायचे ठरवले. ते एक वाक्य सर्वांना सारख्याच शब्दांत सांगायचे, त्यात आपली भर घालायची नाही. पायऱ्या 'अजिबात नाही, थोडीशी, मध्यम, जास्त, खूपच जास्त' अशा केल्या.

सातवा व आठवा प्रश्न कागदावरून काढला नाही, पण "हे काय ते मला माहीत नाही" असा एक रकाना जोडला आणि पहिल्या सहा प्रश्नांची बेरीज वेगळी धरली. ती ६ ते ३० या टप्प्यात पडते. ती बाहेरच्या कोणत्याही आकड्याशी ताडायची नाही, कोणतीही उसनी सीमारेषा तिला लावायची नाही, हे लिहून ठेवले. स्वीडनच्या किंवा इंग्लंडच्या मुलांवरून आखलेली रेषा पूर्व नागपुरातल्या मुलांना तशीच लावायला आमच्याकडे काही आधार नव्हता.

दुसरी फेरी ऑगस्टमध्ये घेतली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे वर्ग स्थिरावायला तेवढा वेळ दिला. या वेळी प्रत्येक मुलाला ग्रंथालयात एकेकटे बोलावले. विचारणारी व्यक्ती पांढऱ्या कोटात नव्हती, आणि बाई खोलीबाहेर होत्या. पालकांची संमती आधीच घेतली होती. त्याखेरीज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा होकार तोंडी आणि त्यापुढच्यांचा लेखी घेतला. पहिल्या फेरीत मुलांना कुणी विचारलेच नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो. दोन मुलांनी नकार दिला आणि त्यांना परत वर्गात पाठवले.

प्रश्नावलीच्या शेवटी एक उघडा प्रश्न जोडला : "मागच्या वेळी चिठ्ठी दिली होती, तरी दवाखान्यात जाणे का झाले नाही?" हा प्रश्न कोणत्याही मोजपट्टीत नाही, तो आम्ही घातला.

निष्पत्ती

सातवीतली ती मुलगी आता आठवीत गेली होती. पहिल्या सहा प्रश्नांची तिची मार्चमधली बेरीज ८ होती, ऑगस्टमध्ये ती २२ आली. बेरजेपेक्षा तिची वाटणी अधिक बोलकी होती : दात तपासणे २, सुई ५, दात काढणे ५, दात भरणे ४. म्हणजे डॉक्टरची भीती नव्हती, तपासणीचीही जवळजवळ नव्हती. सुई हिरडीतून आरपार जाते, असे तिच्या मोठ्या भावाने सांगितले होते. तिने स्वतः आजवर सुई घेतलेलीच नव्हती. भीती स्वतःच्या अनुभवातून येते, दुसऱ्याचे पाहून येते किंवा नुसते ऐकूनही येते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ रॅचमन यांनी १९७७ मध्ये केली होती. इथे तिसरी वाट सरळ समोर दिसत होती.

मॉनिटरची बेरीज मार्चमध्ये २८ होती, ती ९ वर आली.

मुलीच्या उपचारांची आखणी तिच्या वाटणीवरून केली. पहिल्या भेटीत सुई नाही आणि मशीनही नाही, फक्त आरसा तिच्याच हातात देऊन तिची दाढ तिला दाखवली. दुसऱ्या भेटीत सांगा, दाखवा, मग करा, ही अ‍ॅडलस्टन यांची १९५९ पासूनची साधी रीत वापरली, एअरोटर आधी तिच्या नखावर फिरवला आणि डावा हात वर केला की आम्ही थांबू असे ठरवले. तिने तो चार वेळा वर केला. त्यातल्या दोन वेळा तिला काही होत नव्हते, आम्ही खरोखर थांबतो का एवढेच ती पाहत होती. तिसऱ्या भेटीला ती आली नाही. चौथ्या आठवड्यात आली तेव्हा हिरडीला आधी बधिर करणारी जेल लावून सुई दिली आणि रूट कॅनल सुरू केले. प्रत्येक भेटीआधी पाच चेहऱ्यांच्या एका ओळीवर ती बोट ठेवायची, ब्यूकॅनन आणि निवेन यांनी २००२ मध्ये दिलेल्या पद्धतीप्रमाणे. सुईच्या दिवशी तिने सर्वांत टोकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि तरीही खुर्चीत बसली. भीती गेली नव्हती, पण आता ती आम्हालाही ठाऊक होती. शेवटच्या भेटीला बोट मधल्या चेहऱ्यावर होते. दाढ वाचली.

आमच्या मूळ समजुतीला धक्का बसला तो उघड्या प्रश्नाने. ज्यांची भीती कमी होती अशी बरीच मुलेही दवाखान्यात गेलेली नव्हती, आणि मॉनिटर त्यांच्यापैकीच होता. त्याचे वडील ई-रिक्षा चालवतात आणि आई चार घरची धुणीभांडी करते. दवाखान्याची वेळ सकाळची होती, म्हणजे एकाचा रोज बुडणार किंवा मुलाची शाळा. मुलीची तिसरी भेट चुकली तीही याच कारणाने, भीतीने नव्हे. दुसऱ्या एका पालकांनी चिठ्ठी जपून ठेवली होती, पण तिच्यावर इंग्रजीत दाढेचा क्रमांक ३६ लिहिलेला पाहून त्यांना छत्तीस दात किडले असे वाटले आणि एवढ्या दातांचा खर्च आपल्याला झेपणार नाही म्हणून ते आलेच नाहीत. खालच्या डाव्या पहिल्या पक्क्या दाढेचा तो आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे, आणि तो पालकांच्या चिठ्ठीवर असण्याचे काहीच कारण नव्हते.

आता चिठ्ठी मराठीत आहे, तिच्यावर जबड्याचे चित्र असून दाढेवर लाल गोल केलेला असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना उघडा असतो.

पुन्हा करायचे झाल्यास

उलट भाषांतरावर विसंबण्याआधी पाचसहा मुलांकडून प्रश्न त्यांच्या शब्दांत वदवून घेईन. त्याला एक दुपार पुरते. उलट भाषांतर शब्द इंग्रजीशी जुळतो की नाही एवढेच सांगते, मुलाच्या कानात तो काय होऊन पोचतो ते सांगत नाही.

वर्गाची सरासरी मुख्याध्यापिका बाईंना देणार नाही. मार्चमध्ये ती दिली होती, आणि दोन उलट दिशांच्या चुकांनी एकमेकींना झाकून टाकल्याने ती सोज्वळ दिसत होती. त्याऐवजी सुई, दात भरणे आणि दात काढणे यांचे गुण वेगवेगळे देईन, कारण उपचाराची आखणी त्यांवरूनच करता येते.

दुसऱ्या फेरीतली एक गोष्ट मात्र अजून टोचते. तीच मुले पंधरा दिवसांनी पुन्हा विचारली तर तेच सांगतात का, हे आम्ही पाहायला हवे होते आणि पाहिले नाही. पोळा, तान्हा पोळा व त्याच दिवशीची मारबत मिरवणूक, मग गणपती एकामागोमाग आले, शाळेला वेळ नव्हता आणि आम्हीही नेट धरला नाही. त्यामुळे ८ वरून २२ झालेल्या आकड्यात शब्दाचा वाटा किती, एकांताचा किती आणि एकदा खुर्चीतून पळून गेल्यामुळे आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते याचा किती, हे मी सांगू शकत नाही.

मार्चचे सगळे कागद एका पाकिटात घालून त्यावर "वापरू नये" असे लिहिले आहे. ते फाडावेत असे ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते, मी ते ठेवले. शाळेच्या हिंदी विभागाने आता त्यांच्या मुलांसाठी हीच प्रश्नावली मागितली आहे. या वेळी भाषांतर अजून केलेले नाही. पुढच्या आठवड्यात आधी त्या विभागातल्या पाच मुलांसोबत बसायचे आहे.